भिंतीत शिरलेल्या पाण्याला वाट हवी

२०२२ सालच्या जुलैतली गोष्ट. बाहेर बेळगावचा नेहमीचा पाऊस लागला होता. सासूबाईंच्या खोलीतली पश्चिमेची भिंत आतून फुगली होती. रंगाखाली पापडाएवढे फुगे आले होते. मी कुतूहलाने एका फुग्याला साडीची पिन टोचली, तर रंगामागून चक्क पाण्याची धार लागली! वर्षभरापूर्वीच त्या भिंतीला बाहेरून ‘पाणी आत येऊच देणार नाही’ असा महागडा सिंथेटिक टेक्श्चर कोट मारून घेतला होता. म्हणजे पाणी अडवायला पैसे मोजले आणि पाणी घरात सांभाळून ठेवले, अशी आमची गत झाली.

त्याच आठवड्यात अमेरिकेहून धाकट्या दिरांचा फोन आला. ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या राले शहरी असतात. घर घेण्याच्या खटपटीत होते. घर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे, देखणे, पण भिंतींना बाहेरून सिंथेटिक स्टको. “वहिनी, इथं सगळे सांगतात, भिंतीची ओल मोजल्याशिवाय हे घर घेऊ नका. असं काय असतं हो त्यात?” मी कॉलेजात भूगोल शिकवते. वारा-पावसाचे थोडेफार सांगता येते, घरबांधणीचे नाही. पण घरातली भिंत समोर फुगलेली असताना तो प्रश्न दुसऱ्याचा राहिला नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांत जे वाचले, विचारले आणि आमच्या गवंडीमामांकडून शिकले, ते आज वाचकांपुढे ठेवत आहे. दोन भिंती, मध्ये दोन महासागर, पण दुखणे एकच होते.

आमची चूक काय झाली?

आमचे घर विटांचे, नऊ इंची भिंतीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्याला पावसाने किती झोडपले, ते कोणी विसरले नसेल. त्या पावसात पश्चिमेचा गिलावा जागोजागी सुटला. २०२१ च्या एप्रिलात आम्ही नवा गिलावा केला आणि पावसाळा तोंडावर आला म्हणून घाईघाईने मे महिन्याच्या सुरुवातीला त्यावर कोट मारला. नव्या गिलाव्याला रंगाआधी साधारण अठ्ठावीस दिवस तरी द्यावेत, असा नियम आहे. आम्ही पंधरा दिवसही दिले नाहीत.

सासूबाई धारवाडकडच्या. आम्ही सगळे त्यांना अव्वाच म्हणतो. त्यांनी तेव्हाच भिंतीला तळहात लावून सांगितले होते, “इन्नू हसी ऐति.” अजून ओली आहे. मी म्हटले, “अव्वा, हा नवीन कोट आहे, याला चालतं.” हा माझा शहाणपणा पुढे आम्हाला दोन वर्षे पुरला.

पहिला पावसाळा बरा गेला. आम्ही खूश! दुसऱ्या पावसाळ्यात फुगे आले. भिंतीतल्या कपाटात अव्वांच्या इरकली साड्या होत्या. त्यांतल्या दोघींच्या पदरांवर काळे ठिपके पडले. एक त्यांच्या लग्नातली होती. रात्री त्यांना खोकल्याची उबळ येऊ लागली, तेव्हा त्यांचे अंथरूण हॉलमध्ये हलवावे लागले. यजमान रंगाऱ्यावर चिडले, रंगारी गिलाव्यावर बोट दाखवू लागला, आणि गवंडीमामा मात्र शिडी लावून गच्चीच्या कठड्यावर चढले.

खाली उतरून म्हणाले, “मॅडम, कोट कुठलाबी घाला. पाणी समोरनं येतच नाही, वरनं येतंय.” कठड्याच्या माथ्यावर केसाएवढी चीर होती. तिथून पाणी भिंतीच्या पोटात उतरत होते. शिवाय खिडकीच्या खालच्या कडप्प्याला उतार होता तो आतल्या बाजूला! वाऱ्यासरशी पावसाची झड खिडकीवर आली की पाणी कडप्प्यावरून थेट भिंतीत. आमचा कोट भिंतीच्या तोंडावर इमानाने उभा होता. चोर माळ्यावरून येत होता.

येताना पाणी, जाताना वाफ

इथे एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पाणी भिंतीत शिरते ते बहुधा पाण्याच्याच रूपाने. बारीक चीर पुरते. चिरेतून ते केशाकर्षणाने ओढले जाते आणि वारा त्याला आत रेटतो. पण भिंतीतून ते बाहेर जाते ते मुख्यतः वाफेच्या रूपाने, अगदी सावकाश. शिरायला एक रात्र, निघायला एक ऋतू. असा हा व्यस्त हिशोब आहे.

जुनी विटेची, मातीची किंवा जांभ्याची भिंत हा हिशोब आपल्या पद्धतीने जुळवून घ्यायची. चार महिने ओल पोटात ठेवायची आणि उरलेले आठ महिने ती उन्हावाऱ्याला परत द्यायची. चुन्याचा गिलावा सिमेंटपेक्षा सच्छिद्र असल्याने वाफेला वाट मिळायची. त्याच भिंतीवर रबरासारखा घट्ट कोट चढवला, की देण्याची बाजू बंद होते. घेण्याची बाजू मात्र चिरांमधून चालूच राहते. मग ओल आतल्या बाजूला सरकते. पश्चिमेच्या भिंतीवर तर पावसाची उघडीप झाली की दुपारचे ऊन तापते आणि ते भिंतीतल्या ओलीची वाफ करून घराच्या आत ढकलते. आमच्या भिंतीचे पोपडे भर पावसात कमी आणि ऑक्टोबरच्या उन्हात जास्त का पडले, याचे कोडे मला तेव्हा उलगडले.

अव्वांनी हे सगळे एका वाक्यात मिटवले. “ग्वाडीगू उसिर बेकल्ल!” भिंतीलाही श्वास हवाच ना!

सिंथेटिक स्टको म्हणजे काय?

आता दिरांच्या घराकडे वळू. स्टको म्हणजे खरे तर बाहेरचा गिलावाच. पारंपरिक स्टको सिमेंट, चुना आणि वाळूचा असतो. सिंथेटिक स्टकोची रचना निराळी आहे. तिकडच्या घराची भिंत म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूडसारखी फळी. त्या फळीवर थर्मोकोलचे पत्रे चिकटवायचे. त्यावर काचतंतूची जाळी बसवून पातळ लेप द्यायचा आणि शेवटी ॲक्रिलिकचा रंगीत, खरबरीत थर. वर दिसते ते दगडी गिलाव्यासारखे, पण बोटाने ठोकले तर पोकळ वाजते. इंग्रजीतल्या लांब नावाची आद्याक्षरे घेऊन याला तिकडे ‘ईफ्स’ म्हणतात.

ही पद्धत मूळ युरोपातली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत ती रूढ झाली, पण तिथे ती मुख्यतः विटा आणि काँक्रीटच्या भिंतींवर लावत. १९६९ मध्ये ती अमेरिकेत आली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर घर उबदार ठेवण्याचा खर्च वाढला, तेव्हा थर्मोकोलचे पांघरूण सगळ्यांना हवेसे झाले. फरक एवढाच, की अमेरिकेत ती लाकडी घरांवर चढली. विटेची भिंत ओली झाली तर वाळते. लाकूड ओले राहिले तर कुजते. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या आत ठेवावी, असे जाणकार सांगतात. ती त्याच्या वर जाऊन मुक्कामाला राहिली, की बुरशीला आमंत्रणच.

विल्मिंग्टनचा धडा

नॉर्थ कॅरोलायनाच्या समुद्रकाठी विल्मिंग्टन नावाचे शहर आहे. हवा दमट, पाऊस वाऱ्याबरोबर येणारा. १९९५ च्या सुमारास तिथल्या जेमतेम काही वर्षांच्या नव्या, महागड्या घरांच्या भिंती तपासल्या गेल्या. बाहेरून भिंत कोरी करकरीत होती. पण तिला बारीक छिद्र पाडून ओलमापकाच्या सुया आत घातल्या, तेव्हा अनेक घरांत आतली फळी भिजून मऊ पडलेली आढळली. बातमी पसरली, तपासण्या वाढल्या, खटले झाले. १९९६ मध्ये त्या राज्याने नियम बदलला. अशा घरांच्या भिंतींना पाण्याचा निचरा होईल अशीच रचना हवी, असे ठरले.

पाणी आले कुठून? त्या ॲक्रिलिकच्या थरातून नव्हेच. तो थर चांगलाच होता. पाणी आले खिडक्यांच्या कोपऱ्यांतून, चौकटीभोवतीचे सीलंट सुटलेल्या फटींतून आणि छपराची कड भिंतीला जिथे टेकते त्या सांध्यातून. तिथे पत्र्याचा एक छोटा वळवलेला तुकडा लागतो. छपरावरून आलेले पाणी तो भिंतीपासून दूर, पन्हळीत फेकतो. किंमत अगदी किरकोळ. पण अनेक घरांत तोच बसवलेला नव्हता, आणि छपराचे सगळे पाणी वर्षानुवर्षे भिंतीच्या पोटात ओतले जात होते. त्यात काही घरांना आतल्या बाजूनेही प्लॅस्टिकचा पडदा किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर होता. म्हणजे डब्याला दोन्हीकडून झाकण! आत गेलेल्या पाण्याला ना बाहेरची वाट, ना आतली.

मूळ दोष विचारातच होता. ही भिंत ‘पाणी आत येणारच नाही’ या विश्वासावर उभी होती. आले तर काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

हीच चूक इतरत्रही झाली. कॅनडात व्हँकूव्हरच्या परिसरात १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या हजारो फ्लॅटांच्या भिंती आतून कुजल्या. तिथले माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली १९९८ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. पावसाळी मुलुखात कोरड्या देशांच्या धाटणीची, वळचण नसलेली घरे बांधणे हे त्यामागचे एक कारण होते. न्यूझीलंडमध्येही तसेच झाले आणि २००२ मध्ये अशा घरमालकांसाठी वेगळा कायदा करावा लागला. लोकांच्या आयुष्याची पुंजी भिंतीत जिरली.

मात्र न्यायाने बोलायचे तर दोष मालाचा नव्हता, मांडणीचा होता. नव्या पद्धतीत आधी फळीवरच पाणी अडवणारा लेप देतात. मग थर्मोकोल चिकटवताना डिंक सगळीकडे सारवत नाहीत, त्याच्या उभ्या रेघा ओढतात. दोन रेघांमधून पाणी खाली ओघळते आणि तळाशी ठेवलेल्या वाटेने बाहेर पडते. अमेरिकेतल्या ओक रिज या राष्ट्रीय प्रयोगशाळेने साउथ कॅरोलायनाच्या दमट हवेत अशा भिंती उभारून त्यांतली ओल मोजली. निचरा असलेली भिंत चांगली टिकते, असे दिसले. तीच सामग्री, फक्त पाण्याला वाट दिलेली.

आपल्याकडची झडी

हे वाचताना मला आजोळची आठवण झाली. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या अंगाला पाऊस उभा नव्हे, आडवा येतो. मे संपता संपता पश्चिमेच्या भिंतीपुढे गवताच्या तट्ट्या बांधायचे काम असायचे. कोकणात माडाच्या झावळ्यांच्या झड्या बांधतात. सिरसी-यल्लापूरकडे सुपारीच्या झावळ्या, म्हणजे सोगे, वापरतात. आता बऱ्याच ठिकाणी पत्रे आले. यातली खुबी अशी की तट्टी भिंतीला चिकटवत नाहीत. मध्ये हात जाईल एवढी फट ठेवतात. पाऊस तट्टीवर आदळतो, त्यातून थोडे पाणी आत आलेच तर ते फटीतून खाली गळते आणि वारा फिरून भिंत कोरडी होते.

व्हँकूव्हरने गळक्या घरांच्या अनुभवानंतर सक्तीची केलेली रचना नेमकी हीच आहे! बाहेर एक आवरण, मध्ये पोकळी, आत खरी भिंत. तिथल्या जाणकारांनी चार गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत. पाणी दूर फेका. आत आले तर निचरा करा. उरले तर वाळू द्या. आणि जे भिजणारच आहे, ते भिजून टिकेल असे निवडा. आपल्या जुन्या घराकडे पाहा. लांब वळचण पागोळ्या दूर टाकायची, तट्टीमागची फट निचरा करायची, चुना वाळू द्यायचा आणि उंच दगडी जोते भिजूनही टिकायचे. चारही गोष्टी जागच्या जागी होत्या. आपण नवे बंगले बांधताना वळचण काढली, छज्जे आखूड केले, आणि त्यांचे काम रंगाच्या डब्यावर सोपवले.

मग आम्ही काय केले?

गवंडीमामांच्या सल्ल्याने आधी वरचे दुखणे बघितले. कठड्याचा माथा फोडून नव्याने केला. त्याला उतार गच्चीच्या बाजूला दिला, कड भिंतीच्या दोन इंच पुढे काढली आणि तिच्या खालच्या अंगाला एक खोबण ठेवली, म्हणजे ओघळ भिंतीकडे न वळता तिथूनच खाली टपकतो. खिडकीचा कडप्पा काढून बाहेर उतार देऊन बसवला. मग नोव्हेंबरात तो महागडा कोट खरवडून काढला. हे करताना यजमानांचा चेहरा पाहवत नव्हता. पैसे घालून लावलेली वस्तू पैसे घालून काढायची होती!

भिंत वाळायला जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना, असा एक ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीला उन्हाळा अपुरा पडणार हे उघड होते. म्हणून २०२३ च्या पावसाळ्यात भिंतीला काहीच न लावता तिच्यापुढे लाकडी पट्ट्यांवर दोन इंचांची फट ठेवून पत्रे उभे केले. शेजारी हसले. “कॉलेजच्या बाईंच्या घराला पत्रे?” हसू दे. २०२४ च्या फेब्रुवारीत, भिंत पुरती सुकल्यावर, वाफेला वाट देणारा साधा रंग दिला.

दिरांच्या घराचे काय झाले? तपासनीसाने तीन बाजूंना ओल ठीक असल्याचे सांगितले. चौथ्या बाजूला, गॅरेजचे छप्पर भिंतीला टेकते तिथे, मापक ओरडू लागले. तोच पत्र्याचा तुकडा नव्हता! विकणाऱ्याने भिंत उघडली तेव्हा आतली फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात आली. ती बदलून, तुकडा बसवून, पुन्हा मोजणी करून मगच दिरांनी घर घेतले. आता दरवर्षी खिडक्यांभोवतीचे सीलंट ते स्वतः तपासतात.

पावसाळ्याआधी एवढे पाहा

रंगाऱ्याला बोलावण्याआधी घराभोवती एक फेरी मारा, शक्य तर भर पावसात. पाणी कुठून ओघळते ते त्या वेळीच दिसते.

कठड्याचा माथा, छज्जाची वरची बाजू आणि पाइप भिंतीत शिरतो ती जागा आधी पाहा. चिरा बहुधा तिथेच असतात. खिडकीच्या कडप्प्यावर तांब्याभर पाणी ओता. ते आत वळले तर रंग नव्हे, कडप्पा बदला.

ओल भिंतीतून येते की घरातल्या दमट हवेची, हे कळत नसेल तर भिंतीच्या आतल्या बाजूला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली. मग खिडक्या उघडणे हाच उपाय.

जोत्याजवळची माती, कुंड्या किंवा फरशी भिंतीच्या गिलाव्याला टेकू देऊ नका. ओल जमिनीतूनही चढते आणि पांढरा लोणा सोडून जाते.

भिंत ओली असताना बाहेरून घट्ट कोट कधीही मारू नका. आणि विक्रेत्याला ‘हा पाणी अडवतो का?’ एवढेच विचारू नका. ‘आत गेलेले पाणी बाहेर कुठून जाईल?’ हेही विचारा. उत्तर देता आले नाही, तर दुकान बदला.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. अव्वा आपल्या खोलीत परतल्या. साडीवरचे ठिपके मात्र गेले नाहीत. ती साडी त्यांनी तशीच घडी करून ठेवली आहे, कपाटात नव्हे, ट्रंकेत. गेल्या ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर त्या सकाळी भिंतीजवळ गेल्या. तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. या वेळी मी काही बोलले नाही. नुसती वाट पाहिली.

“ओणगेति,” त्या म्हणाल्या. वाळली आहे.